अनुरूप साथ

देवमन, तुझी शोकसभा चांगली झाली. म्हणजे तू असतास तर मागच्या रांगेतून दहा मिनिटांत उठून चहाच्या टपरीवर गेला असतास, इतकी चांगली. मंचावर सात जण होते. त्यातल्या दोघांनी तुला वाजवताना ऐकलं होतं, तिघांनी ऐकल्याचं सांगितलं, आणि उरलेल्या दोघांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून ते आधी बोलले. तुला 'संवादिनीचे अनभिषिक्त सम्राट' म्हणण्यात आलं. तुझ्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतले चार-पाच सोबती भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यातला एक शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "देवमन कवा सम्राट झाला बावा, आमाले सांगतलं बी नाई."

मंचामागे फलक होता आणि त्यावर तुझा फोटो. तुझा एकट्याचा फोटो कोणाकडे सापडला नाही म्हणे. खरंच आहे. साथीदाराचा फोटो म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी फोटोची कड. संगीत मंडळाच्या लोकांनी जुन्या फोटोतून तुला कापून काढलं आणि फलकभर मोठं केलं. पण तुझ्या डाव्या खांद्यावर एक हात राहून गेला. मनगटापर्यंत. बोटात पुष्कराजाची अंगठी, आणि त्यापुढे माणूस नाही. माझ्या मागच्या बाईंनी शेजारणीला विचारलं, हा हात कोणाचा असेल. मला माहीत होतं. मी मागे वळलो नाही.

मलाही बोलायला लावलं. सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ संगीत समीक्षक' अशी करून दिली आणि दोन मिनिटं दिली. मी दोन मिनिटं बोललो. तुझा साधेपणा, तुझी साधना, वगैरे. जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोललो, आणि टाळ्या पडल्या. अकोल्याहून अमरावतीला परत येताना बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत त्या टाळ्या डोक्यातून जाईनात. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते मंचाखाली. आता पंचवीसेक वर्षं झाली. अकोल्याच्या मंडळाने रविवार सकाळच्या मैफली सुरू केल्या होत्या आणि मी त्यावर पेपरात लिहायला अमरावतीहून आलो होतो. पत्रिकेवर गायकाचं नाव मोठ्या टायपात, तबलजीचं मधल्या, आणि त्याखाली 'संवादिनी साथ: स्थानिक कलाकार'. मी सचिवांना विचारलं, या स्थानिक कलाकाराला नाव असेल ना? ते म्हणाले, आहे इथलाच एक, जिनिंगमध्ये फिटर असतो. तू त्या वेळी मंचाच्या पायरीखाली पेटी उघडून बसला होतास आणि एकेका सुराच्या पट्टीवरून फुंकर मारत होतास. काय करतोयस विचारलं तर म्हणालास, "रुई उडून सुरात जाऊन बसते सर. आमची पेटी बी जिनिंग करा लागते."

मी तुला पहिल्या भेटीपासून 'तू' म्हणालो आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी'. आपण एकाच वयाचे होतो. हे मी तुला दोन-तीनदा सांगितलं. तू म्हणायचास, वय एक असन, पण तुमी शिकोता, मी शिकतो.

खोटं होतं ते. शिकवलंस तू. गाणं ऐकायला मी पुस्तकांतून शिकलो होतो. कोणतं घराणं, कोणता राग, कोणती बंदिश कोणी बांधली, हे मला सगळं ठाऊक होतं. गाणारा श्वास कुठे घेतो हे मला तू दाखवलंस. तुझी एक रीत होती. कार्यक्रमाच्या तासभर आधी तू गायक उतरला असेल तिथे जायचास आणि दाराबाहेर बसून राहायचास. रियाज ऐकायला नाही. तो चहा मागताना, फोनवर बोलताना, चष्मा कुठे ठेवला म्हणून ओरडताना ऐकायला. "गाताना मानूस गळा सजोते सर. चाय मांगताना नाई सजोत. आज आवाज कुठी बसला हाय थे चायवर समजते." मग मंचावर गायक ऐटीत सांगायचा, पट्टी काळी एक. तू मान हलवायचास, आणि माझ्याकडे असं बघायचास की मला कळायचं, आज गळा काळी एकपर्यंत पोचायचा नाही.

आणि त्या कोकणातल्या बाई. त्यांचा निषाद. वरच्या षड्जाच्या उंबऱ्यावर त्या निषाद लावून उभ्या राहायच्या आणि अख्खा हॉल त्यांच्याबरोबर एका पायावर उभा. सगळे पेटीवाले तिथे घाई करायचे आणि त्यांच्या आधी षड्ज वाजवून मोकळे व्हायचे. तू वाजवायचा नाहीस. तूही निषादावर थांबायचास, अगदी बारीक, आणि त्या षड्जावर उतरल्या की मगच तुझी पट्टी दाबली जायची, तीही अशी की तो सूर पेटीतून आला की त्यांच्या गळ्यातून, हे कळू नये. असं का करतोस विचारलं तर म्हणालास, "घरधन्याच्या आंधी घरात शिरलं तं चोर समजतात." बाईंनी त्या दिवशी मंचावरच वळून तुला नमस्कार केला होता. त्यानंतर त्यांना वरूडच्या संत्र्यांचं खोकं देण्यात आलं. आंबट गळ्याला चालत नाही म्हणून त्यांनी ते तिथेच ठेवलं आणि तू सायकलला बांधून घरी नेलंस. आपल्याकडे मोठ्या गवयांचा सत्कार संत्र्यांनी होतो, आणि एकाही गवयाने एकही फोड तोंडात टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. तुझी मुलं त्या सत्कारांवर वाढली.

शालींचंही तसंच. गायकाला मोठी शाल, तबलजीला मधली, तुला जी उरेल ती. तू ती पेटीवर पांघरायचास. ती बी थंडी खाते, म्हणायचास.

तुझे वडील बाळापूरकडे गायन पार्टीत पेटी वाजवायचे हे मला खूप उशिरा कळलं, तेही मंडळाने एकदा एप्रिलात मैफल ठरवली तेव्हा. तू सरळ नाही म्हणालास. जयंतीच्या आठवड्यात तू वडिलांच्या पार्टीत असतोस, कोणी कितीही मोठा गवई येवो. सचिवांना राग आला. एवढ्या मोठ्या कलाकाराची साथ सोडून तिकडे, असं ते म्हणाले. मी एकदा त्या कार्यक्रमाला आलो होतो, आठवतं? तिथे तू मोकळा वाजवत होतास, भाता असा की मांडव फुगावा. मी विचारलं, मैफलीत असं का वाजवत नाहीस? तू म्हणालास, तिकडे गाणं बुवाचं असते, इकडे माह्यं असते.

आता त्या रविवारच्या मैफलीकडे येतो. टाळत होतो.

अकरा वर्षं झाली. हिवाळ्यातली सकाळ, तेच मंडळ, तोच हॉल. गाणार होते ते बुवा सत्तरी ओलांडलेले. त्यांची तोडी ऐकायला लोक वाशीम-बुलढाण्याहून आले होते. नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे सांगतो. विलंबितात त्यांनी गंधार असा लावला की माझ्या वहीवरचा पेन थांबला. कोमल गंधार तर आपण सगळेच म्हणतो, पण तो किती कोमल, हे त्यांनी अर्धा तास एकाच सुराभोवती फिरून दाखवलं. त्या गंधाराशी पेटीची पट्टी जुळत नाही, म्हणून तू तिथे नुसता षड्ज धरून बसला होतास. हे सगळं मी लिहून घेतलं.

मग द्रुत सुरू झाली, आणि चार-पाच आवर्तनांनंतर तू उजवा हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवलास. डावा भात्यावर तसाच. तबला चालू, तंबोरे चालू, बुवा ताना घेताहेत, आणि तू समोर बघत बसलायस. दोन मिनिटं तरी. मैफलीत दोन मिनिटं म्हणजे फार झाली. मग तू पुन्हा वाजवायला लागलास आणि मैफल संपली, लोक उभे राहिले, संत्र्यांचं खोकं आलं.

साथीदारांबद्दल आमच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य असतं: 'अमुक यांनी तबल्यावर व तमुक यांनी संवादिनीवर अनुरूप साथ केली.' गाणं कसंही होवो, साथ अनुरूपच होते. मी या वाक्याची तीस वर्षं टिंगल केली. कॉलेजात शिकवताना मुलांना आळशी लिखाणाचा नमुना म्हणून हेच वाक्य फळ्यावर लिहून द्यायचो. मी स्वतः ते कधी लिहिलं नाही, याचा मला अभिमान होता. साथीदारालाही खऱ्या टीकेचा हक्क आहे, असं माझं मत होतं. मत अजूनही तेच आहे. पण मंगळवारी पेपरात मी लिहिलं: 'द्रुत लयीत मात्र संवादिनीची साथ सुटली. जिनिंगमधली मशीन भर हंगामात बंद पडावी तशी ती बंद पडली.'

ही उपमा मला त्या दिवशी फार आवडली होती. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्याला वाईट वाटेल. मी तिला टीकेचं महत्त्व समजावून सांगितलं.

पुढचे तीन हिवाळे मंडळाने नागपूरहून पेटीवाला आणला. अमरावतीतही तुला कोणी बोलावलं नाही. सर लिहितात म्हणजे तसंच असणार. तुझ्या फॅक्टरीत कोणीतरी ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं आणि मशीन थांबली की सगळे 'देवमन झाली' म्हणायला लागले. हे मला तूच सांगितलंस, नंतर, हसत. मधल्या काळात आपण दोनदा भेटलो होतो, एकदा अकोला स्टेशनवर, एकदा कोणाच्या तरी लग्नात. तू नमस्कार केलास, बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. मैफलीचा विषय मी काढला नाही, तू तर नाहीच. मला वाटलं, बिचारा टीका पचवतोय.

मग बुवांची पंचाहत्तरी आली आणि अमरावतीत त्यांच्या गायकीवर माझं व्याख्यान ठरलं. नमुना म्हणून तीच तोडी ऐकवावी म्हणून सचिवांकडून पेन ड्राइव्हवर ध्वनिमुद्रण मागवलं. घरी दिवाणखान्यात लावून बसलो, वही घेऊन. बायको समोर मेथी निवडत होती. तिला राग-बिग काही कळत नाहीत आणि त्याची तिला खंतही नाही. द्रुत सुरू झाल्यावर काही वेळाने ती मेथीतून मान वर न करता म्हणाली, "अहो, हे मघापेक्षा खाली आलंय का हो?"

मी तिला लय आणि सूर यांतला फरक सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबलो. मागे जाऊन सुरुवातीचा षड्ज ऐकला. पुढे येऊन हा ऐकला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. देवमन, बुवा उतरले होते. थकले होते, गळा बसला होता, आणि एकेका तानेबरोबर त्यांचा षड्ज तंबोऱ्याच्या षड्जापासून सुटून खाली चालला होता. लयीच्या धुंदीत त्यांना कळत नव्हतं, आणि पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेल्या मलाही कळलं नाही. नेमकं जिथे ते सुटायला लागले तिथे तुझी पेटी थांबते. आणि दोन मिनिटांनी, ते एका लांब षड्जावर स्वतःला सावरून परत येतात, तिथे ती पुन्हा येते. नुसता षड्ज, अगदी हळू. पाण्याचा पेला पुढे करावा तसा.

मेथी निवडून झाली तरी मी तीच दोन मिनिटं ऐकत होतो. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मशीन बंद पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला आलो. तू सुट्टीवर होतास, ओसरीत कानशीने पेटीचा एक सूर घासत बसला होतास. वहिनींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात. तू सूर घासत राहिलास. मग म्हणालास, त्या दिवशी सकाळीच तुला कळलं होतं. बुवांनी चहा मागितला तेव्हाच. तू त्यांना पट्टी अर्ध्या सुराने उतरवायला सुचवलं होतं. ते म्हणाले होते, पन्नास वर्षं काळी एकात गातोय, अकोल्यासाठी उतरवू?

"पन मी वाजोत राह्यलो असतो सर, तं अख्ख्या हॉलले समजलं असतं बुवा कुठी हायेत अन् सूर कुठी हाय. तंबोरा माफ करते. पेटी नाई करत."

मी विचारलं, मग माझं छापून आल्यावर तू मला सांगितलं का नाहीस? तुझी तीन वर्षं गेली त्यात.

तू कानस खाली ठेवलीस. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिवलं असतं."

मी यावर पुष्कळ बोललो. सत्य, वाचक, लेखणीची जबाबदारी. येत्या मंगळवारी दुरुस्ती छापतो म्हणालो, चौकटीत. तू हसलास. म्हणालास, छापलेलं खोटं कुठे आहे? मशीन बंद पडली हे खरंच होतं. "काहून पडली थे तुमी इचारलं नाई, इतकंच."

भिंतीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी एक फोटो होता. बुवा आणि तू, मैफलीनंतर, त्याच सकाळी. त्यांचा हात तुझ्या खांद्यावर. मी विचारलं, बुवांना कळलं होतं? तू म्हणालास, सुटले तेव्हा नाही, परत आले तेव्हा कळलं. काही बोलले? नाही. काहीच नाही? "हात ठेवला ना सर."

मला बुवांचा राग आला, आणि अजूनही आहे, हे तुला माहीत असू दे. त्यांनी ती टीका वाचली असणार. मंडळाला एक फोन करायला हवा होता. मी हे बोललो तेव्हा तू मला विचारलंस, फोन करून काय सांगायचं? मी बेसूर झालो होतो, असं? पन्नास वर्षांनी? तुला ते पटत होतं, मला पटत नव्हतं, आणि वहिनींनी दुसरा चहा आणला.

मी एवढंच केलं की सचिवांना गाठून सांगितलं, देवमनबद्दल माझं ऐकण्यात चुकलं होतं, त्याला बोलवा. कसं चुकलं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, सर, तुम्ही मोठ्या मनाचे. म्हणजे चूक करूनही मोठं मन माझंच ठरलं. त्या हिवाळ्यात तू परत मंचावर आलास. मी तुझं पूर्ण नाव छापायला लागलो आणि पत्रिकेवरही छापायला लावलं. तुला त्याचं फार काही वाटलं नाही. फॅक्टरीत मात्र मशीन थांबली की पुढेही 'देवमन झाली'च म्हणत राहिले. तू निवृत्त झालास त्या दिवशी त्यांनी तुझ्या मानासाठी एक मशीन मुद्दाम बंद केली, असं तूच सांगितलंस.

मग बुवा गेले. मी पुन्हा अकोल्याला आलो. आता तर लिहायला हरकत नाही, म्हणालो. आता त्यांना कसला त्रास होणार? तुला त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "आता तं बिलकुलच नाई. आता उत्तर द्याले थो मानूस बी नाई." मी म्हटलं, खरं लिहिणं हेच माझं काम आहे, देवमन. तू म्हणालास, "मंग माह्यं काम काय होतं?"

हा वाद आपण सहा वर्षं घातला. बसस्टँडवर, तुझ्या ओसरीत, एकदा एका गायिकेचा कार्यक्रम चालू असताना मागच्या रांगेत, लोकांनी हटकेपर्यंत. मी म्हणायचो, तुझं मोठेपण लोकांना कळायला हवं. तू म्हणायचास, कळलं तर ते मोठेपण राहत नाही. मी म्हणायचो, हा अहंकाराचाच एक प्रकार आहे. तू म्हणायचास, असन, तुमी शिकलेले.

दोन महिन्यांपूर्वी शेवटचा भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास. हात चादरीवर, बोटं बारीक झालेली, पण आपोआप हलत होती. मी विषय काढायचा नाही असं ठरवून आलो होतो. तूच काढलास. "सर, तुमी अजून लिवनार हाय ना थे?" मी तुझी चादर सारखी केली. "तुमचं लिवनं पेटीवानी हाय. पट्टी दाबली का वाजतेच. कवातरी हात उचलत जा."

मी हसलो. तूही हसलास, मग खोकला आला, मग वहिनी आत आल्या. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. होकार तू दिला नाहीस. हे मी वाचकांनाही सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी मला मोठ्या मनाचा म्हणायला नको. मी हे लिहितोय ते तुझ्या मनाविरुद्ध, आणि तू उत्तर द्यायला नसताना, म्हणजे तुझ्याच हिशेबाने दुहेरी अन्याय. मला एवढंच जमलं की बुवांचं नाव लिहिलं नाही. तोडी पुष्कळ जण गातात. अकोल्यातल्या काहींना नाव कळेल, पण जे त्या सकाळी कान देऊन ऐकत होते त्यांना ते तेव्हाच कळलं असणार, आणि ते अकरा वर्षं गप्प बसले. ती माणसं कोण, हे मला आता जाणून घ्यायला आवडेल. मी पहिल्या रांगेत होतो. ती बहुतेक मागे असावीत.

राहिलं शोकसभेतलं शेवटचं. भाषणं संपल्यावर अमरावतीच्या शैलाताई गायला बसल्या. वीस वर्षं तुझ्या साथीने गायलेल्या. तुझी पेटी मंचावर आणली, तीच, वर तीच जुनी शाल. वाजवायला तुझी शिष्या, सुनंदा, पातूरच्या शाळेतली शिक्षिका. चाळिशीची बाई, पण तुझ्या पेटीसमोर बसताना परीक्षेला आल्यासारखी बसली. माझ्या शेजारी किशोर होता. माझा पेपरातला रकाना आता तो लिहितो. चांगला माणूस आहे, पुष्कळ वाचलेला, वही उघडी ठेवून ऐकतो. मी ऐकायचो तसाच.

शैलाताईंनी एक भजन घेतलं. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्यात त्यांनी पेटीकडे पाहिलं, तिथे तू नव्हतास, आणि त्यांचा सूर हलला. त्या थांबल्या नाहीत. गात राहिल्या, डोळे मिटून, आणि षड्ज हळूहळू पायाखालून सरकत गेला. या वेळी मला ऐकू आलं, देवमन. पहिल्याच ओळीला ऐकू आलं.

सुनंदाने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

फॅक्टरीतले तुझे सोबती भिंतीला टेकून ऐकत होते. मागच्या फलकावर तू, आणि तुझ्या खांद्यावर तो मनगटापर्यंतचा हात. किशोर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सर, पेटी मध्येच थांबली. घाबरली का बाई? पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर..." त्याचा पेन वहीला टेकलेला होता. मी बोट उचलून त्याला गप्प केलं. शैलाताई एका ओळीवर थांबल्या, श्वास घेतला, तंबोरा ऐकला, आणि षड्ज लावला. तो जागेवर होता. त्याच्या मागोमाग, उंबऱ्याबाहेर थांबून मग आत यावं तसा, तुझ्या पेटीचा षड्ज आला.

भजन संपलं. लोक उठायला लागले. किशोरने पुन्हा विचारलं, साथीबद्दल काय लिहू सर? तुमच्यासारखं स्पष्ट लिहायचं का?

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अकरा वर्षांचं होतं. शैलाताई मंचाच्या कडेला उभ्या होत्या आणि सुनंदा पेटीवर शाल पांघरत होती.

"लिही," मी म्हटलं, "सुनंदा वानखडे यांनी अनुरूप साथ केली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कॉलेजात मीच त्याला शिकवलं होतं, आणि ते वाक्य मी फळ्यावर लिहिलेलं त्याने पाहिलेलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच. नाव नीट लिही."